डोनर एकच ठेवा: मुंबईत कमी पैशांत स्पोर्ट्स कार बांधायची तर

भांडुपच्या ज्या गाळ्यात मी गाडी बांधली तिथे दिवसभर खिडक्यांच्या ग्रिल बनतात. गाळा मामांचा. ते कुणाचेच सख्खे मामा नाहीत, पण सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणते. पहिल्या दिवशी मी त्यांच्यापुढे नकाशा पसरला, तेव्हा चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणाले, "चार चाकांची गाडी मोडून परत चारच चाकांची करणार? मग आहे ती काय वाईट आहे?"

प्रश्न रास्त होता. उत्तर आहे वजनात. मारुती ओम्नीचं वजन साधारण ७८५ किलो आणि तिच्या ७९६ सीसी इंजिनाची ताकद ३५ अश्वशक्तीच्या आसपास. दारं, छत, काचा, मागची बाकं असं सगळं उतरवून तेच इंजिन ४८० किलोच्या उघड्या सांगाड्यात बसवलं, तर इंजिनाला हातही न लावता प्रत्येक किलोमागची ताकद दीडपटीहून जास्त होते. ब्रेक लवकर लागतात, वळण घट्ट बसतं. १९५७ साली लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने लोटस सेव्हन ही उघडी, हलकी स्पोर्ट्स कार काढली ती याच हिशोबावर. इंग्लंडमध्ये तेव्हा तयार गाडीवर खरेदीकर लागायचा आणि सुट्ट्या भागांवर तो वाचायचा, म्हणून लोक ती खोक्यांतून आणून घरीच जुळवायचे. एका जुन्या गाडीचे भाग काढून त्याच धर्तीवर स्वस्तात बांधलेल्या गाडीला आता जगभर 'लोकॉस्ट' म्हणतात.

पूर्ण लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवा: डोनर, म्हणजे जिचे भाग काढून वापरायचे ती गाडी, एकच असू द्या. इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल, स्टीअरिंग, पेडल, वायरिंग, किल्लीसुद्धा तिचीच. मी हा नियम दोनदा मोडला आणि दोन्ही वेळा पैसे भरले. ते पुढे येईलच.

आधी कागद, मग पाना

ही गाडी तुम्हाला मुंबईच्या रस्त्यावर चालवता येणार नाही. हे आत्ताच पचवून घ्या, म्हणजे नंतर जीव जळणार नाही. आपल्याकडे कुठलंही नवीन मॉडेल रस्त्यावर यायचं तर त्याचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. ते कारखान्यांचं काम आहे, हौशी माणसाच्या खिशाचं नाही. "अरे, ओम्नीच्या आरसीवरच चालव की" असं सांगणारा एक तरी मित्र भेटतोच. त्याला चहा पाजा आणि सल्ला सोडून द्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं आहे. शिवाय कायद्यातली 'सार्वजनिक जागा' म्हणजे फक्त हमरस्ता नव्हे. लोकांना जिथे जायचा हक्क आहे अशी कुठलीही जागा त्यात येते. रविवारी सकाळी रिकामा पडलेला सर्व्हिस रोडसुद्धा.

म्हणून गाडी चालवायची ती खासगी जागेत किंवा बंदिस्त ट्रॅकवर, आणि तिथवर न्यायची टेम्पोवर चढवून. माझ्या मावसभावाची कर्जतकडे जागा आहे, तिथे सपाट मुरमाचा पट्टा आहे. मोठे ट्रॅक म्हणजे कोइम्बतूरचं कारी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक. दोन्ही दूर. शर्यतीत उतरायचं मनात असेल तर एफएमएससीआय या राष्ट्रीय महासंघाचं लायसन्स लागतं आणि गाडी त्यांच्या नियमांत बसावी लागते. ते नियम सांगाडा कापायच्या आधी वाचा, नंतर नाही.

डोनरचे कागदही साफ हवेत. पैसे देण्यापूर्वी परिवहन खात्याच्या अ‍ॅपवर नंबर टाकून मालकाचं नाव, बाकी चलान आणि कर्जाचा बोजा बघा. बोजा असेल तर फॉर्म ३५, नावावर करायला २९ आणि ३०. गाडी मोडायच्या आधी आरटीओत जाऊन नोंदणी रद्द करायची पद्धत विचारून घ्या. गाडी कायमची निकामी झाली की कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत कळवून आरसी जमा करायची असते. चॅसिस नंबर कोरलेला पत्रा भंगारात जाऊ देऊ नका, जपून ठेवा. रद्द न केलेल्या गाडीचा नंबर उद्या भलत्याच कुठल्या गाडीवर दिसला, तर पोलीस तुमच्याच दारात येतील.

कुठली गाडी घ्यायची

मुंबईकराचं मन पहिल्यांदा प्रीमियर पद्मिनीवर जातं. माझंही गेलं होतं. कुर्ल्यात बनलेली गाडी, १०८९ सीसीचं पुढे उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं इंजिन, मागच्या चाकांना ताकद, आणि पुढे चक्क विशबोनचं, म्हणजे त्रिकोणी दांड्यांचं सस्पेन्शन. लोकॉस्टसाठी मापात मापलेली. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली आणि आता चांगली पद्मिनी सापडली तर ती कापायची हिंमत होत नाही, कापलेली सापडली तर सुटे भाग मिळत नाहीत. पहिल्या बांधणीला हा नाद नको.

मारुती ८०० मुबलक मिळते, पण तिचं इंजिन आडवं आणि ताकद पुढच्या चाकांना. ते सगळं युनिट उचलून सीटच्या मागे बसवता येतं. भारतात ८०० चं इंजिन पाठीमागे घातलेल्या एकआसनी रेस गाड्या धावल्या आहेत. करायचंच असेल तर दोन गोष्टी. एक, स्टीअरिंगचे टाय रॉड मागे आल्यावर चॅसिसला पक्के जखडा, नाहीतर मागची चाकंही वळायला लागतील. दुसरी, युनिट जसंच्या तसं मागे सरकवा, उलटं फिरवू नका. फिरवलंत तर पुढे जायला एक गिअर आणि मागे जायला चार.

नवख्याने ओम्नी घ्यावी असं माझं मत आहे. इंजिन उभं, ताकद मागच्या चाकांना, सरळ अ‍ॅक्सल आणि पाट्यांच्या स्प्रिंग, रॅक-पिनियन स्टीअरिंग. दिसायला डबा, पण आतली मांडणी सेव्हनच्या जवळची. शिवाय ओम्नी अजून गल्लोगल्ली धावताहेत, त्यामुळे तुम्हाला नको असलेली दारं, काचा, सीट विकल्या जातात. मी तिची सरकती दारं विकली त्याच आठवड्यात चॅसिसच्या पाइपांचे पैसे सुटले.

कार्ब्युरेटरवाली मिळाली तर उत्तम. एमपीएफआय (कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी) घ्यायची असेल तर ईसीयू म्हणजे तो कॉम्प्युटर, चोरी अडवणारा इमोबिलायझर आणि किल्ली हे तिन्ही त्याच गाडीचे घ्या. एकमेकांना ओळखत नसतील तर इंजिन फिरेल, पेट घेणार नाही.

घेताना कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब तपासा, तिन्ही सिलिंडरमध्ये. आकडा थोडा कमी असला तरी चालेल, पण एकाचा इतर दोघांपेक्षा एकदशांशाहून जास्त उतरला असेल तर भाव पाडा किंवा सोडून द्या. गाडी चालवून बघा, गिअर घालताना कुरकुर, मागच्या क्राऊन-पिनियनचा (मागची चाकं फिरवणाऱ्या दातेरी चक्रांचा) रडका आवाज, सगळं ऐका. पत्रा सडलेला असेल तर उलट बरं, पत्रा आपल्याला नकोच आहे.

मोडण्याआधी मोजा

मोडायची घाई सगळ्यांना होते. मी दोन रविवार नुसतं मोजलं. जमीन सपाट आहे का ते गवंड्याच्या लेव्हल पाइपने बघितलं, मग ओळंबा सोडून पुढच्या आर्मचे दोन्ही बुश, स्ट्रटचं (स्प्रिंग-शॉकच्या उभ्या खांबाचं) वरचं टोक, स्टीअरिंगच्या रॅकची दोन्ही टोकं, अ‍ॅक्सलचा मध्य असे बिंदू खाली फरशीवर खडूने उतरवले. प्रत्येकाची जमिनीपासूनची उंची शेजारी लिहिली. इंजिन किती अंशांत झुकलंय, प्रोपेलर शाफ्टला (गिअरबॉक्सची ताकद मागे नेणाऱ्या दांड्याला) दोन्ही टोकांना किती कोन आहे, तेही. कारखान्याने ही मापं विचार करून ठरवलेली असतात. ती तुम्हाला फुकट मिळताहेत. गाडी मोडली की गेली.

वायरिंग कापू नका. प्रत्येक जोडणीला मास्किंग टेप लावून नाव लिहा, फोटो काढा आणि पूर्ण जाळं अखंड बाहेर ओढा. नट-बोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी.

आधी माणूस, मग सांगाडा

८ फूट बाय ४ फुटांची १८ मिलिमीटरची प्लाय जमिनीवर पक्की सपाट बसवा, पुढे लागेल तसा तुकडा जोडा. हीच तुमची पाटी. तिच्यावर चॅसिसचा खालचा भाग पूर्ण मापाने रेखाटायचा. पण त्याआधी स्वतः तिथे बसा. मी पाठीला कलती फळी लावून विटांवर बसलो, झाडूचा दांडा स्टीअरिंग म्हणून धरला आणि मामांनी माझ्या कोपरांच्या, गुडघ्यांच्या, टाचांच्या खुणा केल्या. "पोट पण धरायचं का मापात?" त्यांनी विचारलं. धरलं. तुम्हीही धरा, बांधणीला वर्ष लागतं आणि वडापाव रोजचा आहे.

ओम्नीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर १८४० मिलिमीटर, मूळ सेव्हनचं साधारण २२३५. इंजिन पुढे, माणूस मागच्या अ‍ॅक्सलच्या जवळ, अशी मांडणी करताना तुमच्या गाडीचं हे अंतर या दुसऱ्या आकड्याकडे जाईल. इथे ओम्नीची एक खोड कळते. तिच्यात ड्रायव्हर इंजिनाच्या वर बसतो, म्हणून गिअरचं लिंकेज (गिअरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतची जोडणी) गिअरबॉक्सपासून पुढे येतं. आपण बसणार गिअरबॉक्सच्या मागे. लिंकेज उलटं करावं लागतं. करता येतं, पण पहिला गिअर कुठे पडतो हे कागदावर काढून मगच कापा.

सांगाड्याला २५ मिलिमीटरचा चौकोनी माइल्ड स्टील पाइप, जाडी १.६ मिलिमीटर, म्हणजे सोळा गेज. मीटरमागे साधारण १.१७ किलो भरतो. २० फुटी आठ नग घेतले तर ५७ किलोच्या आसपास. त्या दिवसाच्या किलोच्या भावाने गुणा, खर्च कळला. दारूखान्यात जहाजाचं भंगार स्वस्त मिळतं, पण सांगाड्याला जुना, आतून गंजलेला पाइप नको. नवा घ्या, बिल घ्या. बेअरिंग, बोल्ट, हत्यारं नागदेवीला. नवे सुटे भाग ऑपेरा हाऊसला. जुने कुर्ल्याच्या सीएसटी रोडला. सस्पेन्शनच्या आणि सीट बेल्टच्या बोल्टवर ८.८ हा मजबुतीचा आकडा कोरलेला बघून घ्या. नुसता चकचकीत बोल्ट म्हणजे मजबूत बोल्ट नव्हे.

तिरक्या पाइपांना 'काय गरज आहे' म्हणून कुणी कात्री लावायला सांगेल. रंगकामाला लागलेल्या एखाद्या जुन्या इमारतीची परांची बघा. नुसते उभे-आडवे बांबू असतील तर ती पत्त्यासारखी कलंडेल. तिरकी कैची बांधली की जागची हलत नाही. चौकोन दाबला तर तिरपा होतो, त्रिकोण होत नाही. सांगाड्याच्या प्रत्येक मोठ्या चौकोनात एक तिरका पाइप हवाच, निदान इंजिनाच्या दोन्ही बाजूंना आणि पाठीमागे.

जोडकाम

सीओटू वेल्डिंग वापरा. पातळ पाइपाला आर्कने भोकं पडतात. आधी सगळ्या सांगाड्याला फक्त टाके, म्हणजे ठिपक्याएवढे वेल्ड मारायचे, कर्ण मोजायचे, दोन्ही कर्ण सारखे आले की मग पूर्ण वेल्ड. तेही एका कोपऱ्यातून सुरू करून दुसऱ्याकडे जाणं नाही. एक डावीकडे, एक उजवीकडे, एक पुढे, एक मागे. एकाच बाजूला उष्णता दिली तर सांगाडा केळ्यासारखा वाकतो आणि मग ती गाडी आयुष्यभर तिरपी चालते.

मे महिन्यात गाळ्यात इतकं उकडत होतं की मी टेबलफॅन सरळ माझ्याकडे वळवून वेल्डिंग केलं. मनात म्हटलं, काय झकास जमतंय. दुसऱ्या दिवशी मामांनी वेल्डवरून नख फिरवलं. बारीक बारीक भोकं, सुईने टोचल्यासारखी. "ही आंबोळी कुणी घातली?" आंबोळीला जाळी पडली तर कौतुक, वेल्डला पडली तर ती ग्राइंडरने घासून परत करायची. वेल्डभोवती गॅसचं आवरण असतं, ते पंख्याच्या वाऱ्याने उडून जातं आणि धातूत हवेचे बुडबुडे अडकतात. मी अकरा जोड परत केले.

तुम्हाला वेल्डिंग येत नसेल तर लाजू नका. कापणं, घासणं, टाके तुम्ही करा, शेवटचं वेल्डिंग रोज करणाऱ्या माणसाकडून. त्याचीही परीक्षा घ्या: दोन तुकडे काटकोनात जोडायला सांगा, शिकंज्यात धरून हातोड्याने वाकवा. पाइप फाटला तर पास, जोड सुटला तर नापास.

डोक्यामागची रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी कमान, मात्र या चौकोनी पाइपाची करू नका. एफआयए या जागतिक मोटर स्पर्धा महासंघाच्या नियमात मुख्य रोल बारला थंड ओढलेला सीमलेस पाइप, ४५ मिलिमीटर व्यास आणि २.५ जाडी, किंवा ५० आणि २ असा आहे. तोच आकडा धरा.

वेल्डिंग झालं त्याच संध्याकाळी रेड ऑक्साइड मारा, पाइपांची उघडी टोकं बंद करा. जूनमध्ये कोरा सांगाडा ठेवलात तर चार दिवसांत तो विटकरी होतो. सांगाड्याचं काम ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात इंजिन-वायरिंगचं बसून करायचं काम.

चाकं, स्टीअरिंग, ब्रेक

नियम मी इथे पहिल्यांदा मोडला. एका दुसऱ्या गाडीचं स्टीअरिंग कॉलम दिसायला सुंदर होतं, घेतलं. ओम्नीच्या रॅकच्या दात्यांशी ते जुळेना. जोड बनवायला लेथवाल्याकडे तीन खेपा. शेवटी ओम्नीचंच कॉलम बसवलं. दुसऱ्यांदा वेगाचा मीटर बदलला. ओम्नीचा मीटर चालतो केबलवर, नवा मागत होता सेन्सर. तोही परत. माझ्या खर्चाच्या वहीत डोनरपेक्षा मोठी रक्कम 'किरकोळ' या सदरात आहे आणि त्यातलं बरंचसं या दोन हौशींचं. स्टीअरिंगचा शाफ्ट मध्ये कापून वेल्ड करू नका, कुणीही कितीही खात्री दिली तरी. लांबी कमी-जास्त हवी असेल तर दात्यांचे क्रॉस-जॉइंट वापरा.

ओम्नीचे पुढचे स्ट्रट उंच असतात, त्यामुळे गाडीचं नाक सेव्हनसारखं खाली जात नाही. विशबोन बनवायचा मोह होईल. पहिल्या गाडीत नको. नाक थोडं वर राहू दे, मापं कारखान्याची राहू देत. रॅक मात्र खालच्या आर्मच्या बुशांच्या संदर्भात अगदी मोजलेल्या जागीच बसला पाहिजे. स्प्रिंग काढून चाक वरखाली करून बघा, चाकाला आडवी काठी बांधून टोक भिंतीवर रेखा. चाक उचलताना टोक आत-बाहेर पळत असेल तर खड्ड्यात गाडी स्वतःच वळेल.

मागे ओम्नीचे पाटे आठ माणसांच्या ओझ्याला सरावलेले. हलक्या गाडीत ते लाकडासारखे वागतात. मधला एखादा पाटा काढता येतो. सगळ्यात लांब, दोन्ही टोकांना डोळे असलेला मुख्य पाटा कधीच नाही, अ‍ॅक्सल त्याच्यावर टिकून आहे. प्रोपेलर शाफ्ट लांबी बदलून बॅलन्स करून घ्या, आणि त्याच्याभोवती लोखंडी कडं घाला. टोकाचा क्रॉस-जॉइंट तुटला तर तो शाफ्ट तुमच्या मांडीशेजारीच थैमान घालणार आहे.

ब्रेकची हवा काढताना सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. पेट्रोलची नळी पायांजवळून नेऊ नका. इंजिन आणि पाय यांच्यामध्ये पत्र्याची भिंत, हाताला येईल असं पावडरचं अग्निशामक. बॉडीबद्दल फार सांगत नाही: बाजूंना अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा रिव्हेट करा, नाकाला फायबर. पत्र्याला लांबी (पुटी) भरण्यात महिने घालवणारे लोक मी बघितलेत, त्यांच्या गाड्या अजून सुरू झालेल्या नाहीत.

पहिला दिवस

गाडी उभी राहिली की चार घरगुती वजनकाटे आणा आणि प्रत्येक चाकाखाली एक ठेवा. चारही सारख्या उंचीवर हवेत. ड्रायव्हरला बसवून मोजा. साधारण साडेपाचशे किलोचे चार भाग झाले की १५० किलोचा काटा पुरतो. मात्र एखाद्या चाकावर जास्त भार दिसला तर आधी ते चाक उतरवा, काटा फुटेल. डावी-उजवी बाजू फार वेगळी आली तर बॅटरी हलवून बघा.

कर्जतला पहिल्या दिवशी मी पहिल्या गिअरच्या पुढे गेलो नाही. आधी २० च्या वेगाला कडक ब्रेक मारून बघितला. मुरमावर कुठली चाकं आधी घसरतात? पुढची घसरली पाहिजेत. मागची आधी अडकली तर गाडी गिरकी घेते, तेव्हा पुढे जायच्या आधी ते दुरुस्त करा. माझी मागची अडकली. मावसभाऊ म्हणाला, "छान वळवलीस रे." मी वळवली नव्हती.

दहा किलोमीटर झाले की थांबा आणि प्रत्येक नट तपासा. घट्ट करतानाच नटापासून बोल्टवर आणि पत्र्यावर एक सरळ रेघ ओढून ठेवायची असते. रेघ तुटली म्हणजे नट फिरला. बाजारात त्यासाठी खास रंग मिळतो. मी बायकोची लाल नेलपॉलिश नेली होती. त्या दिवशी चौसष्टपैकी तीन रेघा तुटल्या होत्या, तिन्ही मागच्या पाट्यांच्या यू-बोल्टवर. तिथे आता डबल नट आहेत, आणि बायकोला नवी बाटली.